पाण्याचा पाऊण तास

भागुजीने अंतर कधी किलोमीटरमध्ये मोजलं नाही. सोळा वर्षं कालव्यावर पाटकरी म्हणून नोकरी केलेला माणूस तो. दारं उघडायची, दारं लावायची, कोणाच्या शेताला किती वेळ पाणी गेलं ते बघायचं, आणि दिवसभर सायकलवरून काठाकाठाने फिरायचं. त्याचं माप पाण्याचं होतं. कोणी विचारलं, भाऊ, चिंचेची वस्ती किती लांब, तर तो म्हणायचा, दीड तास. ऐकणाऱ्याला वाटायचं चालत दीड तास. भागुजीच्या मनात मात्र असायचं की इथलं दार उचललं तर दीड तासाने चिंचेच्या वस्तीवर पाणी दिसेल. आणि गंमत अशी की कालव्यातलं पाणी साधारण माणसाच्या सावकाश चालीनेच जातं, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याचा हिशेब कधी फारसा चुकला नव्हता.

निवृत्त होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सन २००१, महिना फेब्रुवारी.

आंबेगाव तालुक्यातल्या निंबोळवाडीत शाळा सातवीपर्यंत. आठवीला बाजारगावच्या हायस्कुलात जायचं तर डांबरी रस्त्याने सहा किलोमीटर. त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जायचे, वाळूचे ट्रक हॉर्न न वाजवता यायचे. मुलं कशीबशी जात. मुली सातवीनंतर घरी बसत. भागुजीची सून रत्ना वाडीच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या सातवीच्या वर्गात त्या वर्षी सहा मुली होत्या. तिची स्वतःची साक्षी त्यातलीच. या सहाही जणी जूनमध्ये सायकलवर हायस्कूलला गेल्या पाहिजेत, एवढं एकच तिने मनात धरलं होतं. डांबरी रस्त्याने नाही जायचं, तर कालव्याच्या रस्त्याने जायचं.

कालव्याच्या काठाने पाटबंधारे खात्याची जीप जाईल एवढा मुरमाचा रस्ता असतो. पाण्याला चढ चालत नाही, म्हणून कालवा डोंगराच्या कमरेला धरून चालतो. प्रत्येक ओढ्यापाशी आत वळतो, पुन्हा बाहेर येतो. त्यामुळे सहाचे आठ किलोमीटर होतात, पण रस्ता सपाट, आणि ट्रक एकही नाही. खडी, मुरूम, कुठे वाळू, कुठे बाभळीचा काटा, एवढाच त्रास.

पालकांच्या सभेत रत्नाने हे सगळं समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी प्रयागबाईंकडे पाहिलं. प्रयागबाई म्हणजे इंद्रायणीची आजी. वाडीत त्यांचा शब्द आधी पडायचा, बाकीच्यांचे मागून. त्यांचा मुलगा गेणू चाळिशीचा बाप्या, पण आईने मान हलवल्याशिवाय तो विहिरीवरची मोटारसुद्धा चालू करत नसे, अशी वाडीतली टवाळ माणसं म्हणायची.

प्रयागबाईंनी पदर सारखा केला.

"मास्तरीणबाई, रस्ता चांगला म्हणता ना, मग येक डाव पोरींना त्याच रस्त्यानं लांब नेऊन दावा. लेण्याद्रीला न्या. तितं तुमची बुद्धाची लेणी हायेत, आमचा गणपती हाये, कुनाचंच काय म्हणणं ऱ्हाणार न्हाई. येताना एसटीनं या, सायकली टपावर टाका. पण सायकलीचं चाक डांबराला लागू द्यायचं न्हाई, आन दिवेलागणीच्या आत पोरी दारात पायजेत. एवढं जमलं तर माजी इंद्रायणी जूनमदी शाळंला जाईल. न्हाई जमलं तर हा इषय परत काढायचा न्हाई."

रत्ना काही बोलायच्या आत भागुजी मागच्या बाकावरून उठला होता. "झालं म्हणून समजा, प्रयागाक्का," तो म्हणाला. "कालवा माझ्या तळहातावर हाये."

घरी आल्यावर रत्नाने कागद घेतला आणि वेळा मांडायला बसली. बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता भागुजीचा रोजचा, त्याबद्दल प्रश्न नव्हता. सकाळी साडेसहाला निघालं तर मुलींच्या चालीने सव्वादहाला तिथे. पण पुढे कालवा डोंगरात शिरत होता. अलीकडे आंबेगाव, पलीकडे जुन्नर, मध्ये डोंगर.

"बोगद्याच्या पल्याड निघायला किती वेळ, मामा?"

"पाऊण तास," भागुजी म्हणाला. "सायकलला त्याहून कमीच."

हा पाऊण तास त्याने हवेतून काढलेला नव्हता. बोगद्याच्या अलीकडचं दार त्याचं, पलीकडचं दार भिका नावाच्या पाटकऱ्याचं. चौकीवर खात्याचा काळा फोन होता. भागुजी पाणी सोडलं की फोन फिरवायचा, "सोडलं," आणि बरोबर पाऊण तासाने पलीकडून एक बारीक आवाज यायचा, "आलं." सोळा वर्षं हा व्यवहार चालला होता. भिकाचं तोंड भागुजीने कधी पाहिलं नव्हतं. डोंगर तर तो रोज पाहायचा. पण पाणी त्या डोंगराला अडलेलं त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. बोगदा खणताना ठेकेदाराने दगड वाहायला खिंडीवरून एक खडीचा रस्ता काढला होता, तोही त्याला ऐकून माहीत होता. मग झालं तर.

रत्नाने कागदावर लिहिलं, बोगदा ते भिकाभाऊंची चौकी, पाऊण तास.

सायकली जमल्या. दोन मुलींच्या स्वतःच्या, दोन भावांच्या, एक गेणूची जुनी, जिच्यावर इंद्रायणीचे पाय पुरते टेकत नव्हते. सहावी महंमद हनीफच्या दुकानातली. हनीफ बाजारगावात सायकली दुरुस्त करायचा, राहायला निंबोळवाडीत, आणि त्याची नात अलिझा या सहांपैकी एक. त्याने आदल्या संध्याकाळी सगळ्या सायकली उलट्या करून तपासल्या, ब्रेकची रबरं बदलली, आणि मग सगळ्या टायरांतली थोडी-थोडी हवा काढून टाकली. हे बघून मुली हवालदिल झाल्या. हनीफने त्यांना टायर दाबायला लावला.

"डांबरावर कडक हवा चालती," तो म्हणाला. "खडीवर कडक टायर टप्पे खातो आन तुमाला फेकून देतो. जरा मऊ आसला की तो दगडाला धरून चालतो. माणसासारखंच हाये बघा."

"आन लई मऊ झाला तर?" साक्षीने विचारलं.

"मंग पंक्चर काढत बसा. ते बी माणसासारखंच."

रविवारी उजाडता-उजाडता सगळे निघाले. पुढे भागुजी, मध्ये सहा मुली, मागे रत्ना. तिच्या कॅरियरला पंप, पंक्चरचं सामान आणि भाकरीचं गाठोडं. कालव्यात रब्बीचं आवर्तन चालू होतं, त्यामुळे डाव्या हाताला काठोकाठ पाणी आणि उजव्या हाताला खाली गहू, हरभरा, कांदा. पाणी आणि मुली एकाच दिशेने चालल्या होत्या. भागुजीला त्यातच अर्धं समाधान होतं.

पहिल्या तासात त्याने त्यांना मुरमावर सायकल चालवायला शिकवली. शिकवण्यात तो सुनेच्या वरचढ होता; घाई कशाला म्हणतात ते त्याला माहीतच नव्हतं. वाळू आली की हँडल आवळायचं नाही, सैल धरायचं. उतारावर पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर मोठा दगड दिसला तर त्याच्याकडे बघत राहायचं नाही. "ज्या दगडाकडं बघशीला त्याच दगडावर जाशीला," तो म्हणाला. "जायचंय तिकडं बघा." अलिझाने खरं-खोटं करायला एका दगडाकडे टक लावून पाहिलं आणि सायकल नेमकी त्याच्यावर घातली. बाकीच्या हसून-हसून थांबल्या. मग प्रत्येकीला तो प्रयोग करून पाहायचा होता, आणि भागुजीने करू दिला.

बाजारगावच्या हायस्कूलमागूनच कालवा जात होता. रविवार, शाळा बंद. मुलींनी सायकली उभ्या करून कंपाउंडवरून आत पाहिलं. मैदान, घंटा, आठवी अ, आठवी ब अशा पाट्या. इंद्रायणी बराच वेळ पाहत राहिली, मग सायकलवर बसली. वाडीपासून इथपर्यंत मुलींना पंचावन्न मिनिटं लागली होती. रत्नाने ते कागदावर लिहून ठेवलं.

सव्वादहाला बोगद्याचं तोंड आलं, कागदावर लिहिलं होतं तसंच. भागुजीची मान ताठ झाली. कालवा सरळ डोंगरात घुसत होता. दगडी कमान, आत अंधार, गार हवेचा झोत. मुलींनी आत हाका मारल्या. भागुजीने उजव्या हाताचा खडीचा रस्ता दाखवला. "हा धरला की झालं."

रस्ता धरला आणि दहाव्या मिनिटाला सगळ्या उतरून सायकली ढकलायला लागल्या.

तो रस्ता डंपरसाठी काढलेला होता. डंपर गेले, पाऊस आले, माती वाहून गेली आणि उरली नुसती खडी, मुठीएवढी, पायाखाली सरकणारी. एक वळण संपलं की वर दुसरं दिसायचं. पाऊण तास झाला तेव्हा भागुजीने मागे वळून पाहिलं; बोगद्याची कमान एवढी जवळ होती की तिच्यावरची शेवाळाची रेघसुद्धा दिसत होती. पुढच्या वळणावर त्याने इंद्रायणीची सायकल स्वतःकडे घेतली आणि एका हाताने एक अशा दोन ढकलायला लागला. रत्ना मधून-मधून घड्याळाकडे बघत होती, आणि आपण बघतोय हे मामांना दिसू नये याची काळजी घेत होती.

खिंडीत पोचायला सव्वा वाजला.

वर सपाटीवर एक गोल कठडा होता आणि त्यावर लोखंडी जाळी. बोगद्यात हवा जावी म्हणून डोंगरातून खाली खोदलेलं ते भोक. मुली जाळीवर वाकल्या. खालून, फार खोलवरून, पाण्याचा आवाज येत होता.

"भागुजीबाबा, आपलंच पाणी हाये का हे?" इंद्रायणीने विचारलं.

"आपलंच," भागुजी म्हणाला आणि कठड्यावर बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. "पोरींनो, माझं चुकलं. मी पाण्याला लागणारा येळ तुमच्या नावावर मांडला. पाणी डोंगराच्या पोटातनं गेलं. आपल्याला पाठीवरनं यायचं व्हतं. हे माझ्या टकुऱ्यात कधी आलंच न्हाई."

मोठ्या माणसाने असं म्हटलेलं मुलींनी सहसा ऐकलेलं नव्हतं. शेवटी साक्षी म्हणाली, "मंग आता पाण्याला सांगा, मागारी ये," आणि सगळ्या हसल्या, भागुजीसुद्धा.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाता-खाता रत्नाने काटकी घेऊन मातीत हिशेब मांडला आणि तो मुलींनाच सोडवायला लावला. खिंडीतून पलीकडची सगळी दरी दिसत होती. शिवनेरीचा माथा ओळखू येत होता, आणि त्याच्याही मागच्या डोंगररांगेत एक काळपट ओळ दिसत होती, तीच लेण्याद्री, असं भागुजी म्हणाला. तिघींना ती दिसली, तिघींना नाही. पश्चिमेकडून, कोकणाच्या बाजूने वारा येत होता आणि घामेजलेल्या पाठी गार होत होत्या. जवळच खाली एक डांबरी रस्ता काळ्या दोरीसारखा उतरत गेला होता. त्या रस्त्याने गेलं तर दीड तासात लेण्याद्री, आणि साडेचारची जुन्नरहून सुटणारी गाडीही सापडत होती. कालव्याने आणि गाडीवाटांनी गेलं तर चार तास. मग गाडी चुकणार आणि अंधार होणार.

"म्हंजी तिन्ही गोष्टी जमत न्हाईत," साक्षी काटकीने आकडे खोडत म्हणाली. "लेण्याद्री, डांबर, दिवेलागण. त्यातली येक सोडायला लागतीय."

भागुजीच्या मनात आलं, डांबराचं सोडावं. या रस्त्यावर रविवारी दुपारी ट्रक दिसत नव्हता. कोण बघतंय? पण हे तोंडातून काढायची त्याला आज हिंमत झाली नाही. सकाळपासूनचा सगळा गोंधळ त्याच्याच शब्दाने झाला होता. त्याने रत्नाकडे पाहिलं. रत्नाने मुलींकडे पाहिलं.

इंद्रायणी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. हरली तर सगळ्यांत जास्त तिचंच जाणार होतं, हे बाकीच्या पाच जणींनाही ठाऊक होतं.

"लेण्याद्री सोडू," ती म्हणाली. "लेण्याद्री कुठं पळून जातीय?"

उतार चढापेक्षा अवघड होता. निम्मा त्यांनी चालतच काढला. जिथे खडी बारीक झाली तिथे भागुजीने एकेकीला सोडलं, बूड मागे, हात सैल, नजर लांब. अलिझा सगळ्यांत सुरेख उतरली. इंद्रायणी वडलांच्या उंच सायकलवरून शेवटच्या वळणावर पडली आणि तिचा गुडघा सोलला. रडू आलं होतं, पण तिने ते दातांखाली धरलं. रत्नाने पाणी ओतून जखम धुतली आणि स्वतःच्या रुमालाची पट्टी बांधली.

बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी चौकी होती आणि चौकीसमोर एक धिप्पाड माणूस खाटेवर बसून पेरू कापत होता. सहाफुटी, गलमिश्यांचा. भागुजी त्याला ओलांडून आत डोकावला. चौकी रिकामी.

"भिकाभाऊ कुठं हायेत?" त्याने विचारलं.

"मीच की," त्या धिप्पाड देहातून ओळखीचा बारीक आवाज आला.

मग भिका उठला आणि भागुजीचा आवाज ऐकून त्याने जो काय अंदाज बांधला होता तो बोलून दाखवला. त्याला वाटायचं, पलीकडचा माणूस पैलवान असेल. "आन निघालात आमच्या कोंबड्याएवढे," तो म्हणाला. भागुजीने सांगितलं की आपल्यालाही पलीकडे कोणीतरी लुकडा शाळामास्तर बसलाय असंच वाटायचं. मुलींना हे फारच आवडलं.

भिकाने चहा केला, पेरू वाटले, आणि सगळी हकिकत ऐकून घेतली. पाऊण तासाच्या हिशेबाशी आल्यावर तो एवढा हसला की खाट करकरली.

"आवं राव, येवढा डोंगूर इसरलात?"

"तुमी बी कधी बोलला न्हाईत डोंगराचं."

"मला काय म्हाईत तुमी पोरी धाडणार? मला वाटलं पाणीच धाडताय."

मग त्याने कामाचं सांगितलं. पुढे तीन किलोमीटरवर कालव्यावर पूल आहे, जुन्नरची साडेचारची गाडी पाचच्या सुमाराला त्या पुलावर थांबते. फोनवर कायम "सोडलं" म्हणणारा भागुजी सोळा वर्षांत कधी चहाला आला नाही, याबद्दल त्याने शेवटी थोडी नाराजीही दाखवली, आणि पुन्हा यायचं वचन घेऊनच सोडलं.

पूल डांबरी रस्त्यावरचा होता. गाडी आली आणि बरोबर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबली. भागुजी सायकल पुढे ढकलणार, तेवढ्यात मागून सहाही जणी ओरडल्या. चाक डांबराला लागेल! मग दोघी-दोघींनी मिळून एकेक सायकल उचलली, डोक्याएवढी उंच धरली, आणि रस्ता ओलांडून सरळ कंडक्टरच्या हाती, तिथून टपावर. गाडीतली माणसं खिडक्यांतून माना काढून पाहत होती.

"सायकली नव्या हायेत काय?" कंडक्टरने विचारलं.

"जुन्याच हायेत," अलिझा धापा टाकत म्हणाली, "पण त्यांना डांबर चालत न्हाई."

कंडक्टरने सामानाची तिकिटं फाडली.

गाडीत मुली पेंगल्या. भागुजीला मात्र झोप येईना. प्रयागबाईंनी लेण्याद्री सांगितली होती. तिथे न जाताच परत चाललो होतो. आपण उठून शब्द दिला होता आणि आपल्याच हिशेबाने तो मोडला होता. इंद्रायणीची आठवी आपल्यामुळे जाणार. त्याने खूप विचार केला आणि हळूच पुढे वाकून सुनेला म्हणाला की खिंडीतून लेण्याद्री दिसली होतीच. लांबून का होईना, दर्शन झालंच. लेण्याद्रीचं दर्शन झालं, एवढंच म्हणायचं. खोटं कुठे आहे त्यात?

रत्नाने वेळांचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाली, "तिघींना दिसली न्हाई, मामा." एवढंच. भागुजी मागे टेकला. शेजारच्या बाकावर इंद्रायणीचे डोळे मिटलेले होते, पण ती झोपली नव्हती.

निंबोळवाडीच्या फाट्यावर पुन्हा सायकली उचलून रस्ता ओलांडला आणि कालव्यावर ठेवल्या. वाडीत शिरल्या तेव्हा सूर्य टेकडीवर टेकला होता. प्रयागबाई ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. गेणू गोठ्यापाशी उभा होता. बाकीच्या पाच मुलींच्या आयासुद्धा कशा ना कशाच्या निमित्ताने तिथेच होत्या. कोणीही दिवा लावलेला नव्हता.

प्रयागबाईंनी सहाही डोकी मोजली. मग सायकलींची चाकं वाकून पाहिली. मग हात पुढे केला.

"परसाद?"

भागुजी पुढे झाला. "त्याचं आसं झालं, आक्का, लेण्याद्रीचं दर्शन—"

"न्हाई झालं, आजी," इंद्रायणी म्हणाली.

आणि ती सांगत सुटली. बोगद्यापर्यंत कसं नीट झालं, मग भागुजीबाबांचा हिशेब कसा चुकला, डोंगर चढायला तीन तास कसे गेले. लेण्याद्री खिंडीतून काहींना दिसली, आपल्याला काही दिसली नाही. डांबराने गेलं असतं तर पोचलो असतो, पण गेलो नाही, आणि लेण्याद्री सोडायचं आपणच सुचवलं. उतारावर पडले, हा बघ गुडघा. दुपारी पाणी संपलं तेव्हा तिघी कालव्याचं पाणी प्यायल्या, बाईंनी नको म्हटलं होतं तरी. आणि सकाळी हायस्कूलपाशी दहा मिनिटं थांबलो, ते काही ठरलेलं नव्हतं. कोणी न विचारलेलं तेही तिने सांगितलं. शेवटी सांगायला काही उरलं नाही तेव्हा ती थांबली.

भागुजी खाली बघत होता. त्याला वाटलं, संपलं.

प्रयागबाईंनी भाजीची जुडी बाजूला ठेवली. नातीला जवळ ओढून तिच्या गुडघ्यावरची पट्टी उचलून पाहिली, आणि परत बसवली.

"हिच्या आत्याला मी आठवीला धाडली व्हती," त्या रत्नाकडे बघून म्हणाल्या. ही गोष्ट वाडीत बऱ्याच जणांना नव्याने कळत होती. "चालत जायची. दीड म्हयना रस्त्यावर कुनीतरी तरास देत व्हतं तिला. आमाला बोलली न्हाई. बोलली तर शाळा बंद व्हईल म्हणून बोलली न्हाई. कळलं तवा लई उशीर झाला व्हता, आन शाळा मीच बंद केली. मला ट्रकाची भीती हाये, न्हाई आसं न्हाई. पण ट्रकापरीस ह्येची जास्त हाये, की रस्त्यात काय वंगाळ झालं तर पोर घरी येऊन सांगती का न्हाई."

गेणूने आईकडे पाहिलं. त्याने मान वर केली होती. एरवी तो अशा वेळी जमिनीकडे बघायचा.

"आज हिला सांगायचं नव्हतं तरी हिनं सांगितलं," प्रयागबाई म्हणाल्या. "शाळा जाईल म्हाईत आसून सांगितलं. गेणू, जूनला हिला बसंल आशी सायकल बघ. ही तुजी तिला उंच हाये, म्हणून पडली."

आयांमध्ये कुजबुज झाली आणि ती लगेच मोठ्या आवाजात बदलली, कोणाच्या भावाची सायकल पडून आहे, कोणाची हनीफकडे मिळेल. रत्ना पायरीवर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच ती निवांत बसली असावी. साक्षीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

भागुजी अजून उभाच होता.

"तुमी का हुबे, भागुजीभाऊ?" प्रयागबाई म्हणाल्या. "हिशेब कच्चा निघाला तुमचा, पण पोरी सगळ्या आणल्यात. बसा. आन खिंडीतनं काय-काय दिसतं ते सांगा मला. पन्नास वरसं या डोंगराखाली काढली, पल्याड काय हाये ते बगितलं न्हाई."

भागुजी ओट्याच्या कडेला टेकला आणि सांगायला लागला, पण दोन वाक्यांतच मुलींनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. शिवनेरी कुठे, डांबरी रस्ता कसा, जाळीतून पाण्याचा आवाज कसा येतो, भिकाभाऊ केवढे आणि त्यांचा आवाज केवढा. प्रयागबाई मध्ये-मध्ये प्रश्न विचारत होत्या. आत गेणूच्या बायकोने दिवा लावला आणि चुलीवर तवा ठेवला. पहिली भाकरी फुगल्याचा वास बाहेर आला तेव्हा अलिझा उभी राहून दोन्ही हात लांब धरून खडीवरून सायकल कशी सोडायची ते प्रयागबाईंना शिकवत होती, आणि प्रयागबाई बसल्या जागी हात सैल सोडून लांब बघत होत्या.